व्हॉट्सॲपवरचा जपान आणि मी राहतो तो जपान

नातेवाइकांच्या ग्रुपवर तो मजकूर दर काही महिन्यांनी फिरून येतो. जपान मुसलमानांना नागरिकत्व देत नाही, घर भाड्याने देत नाही, तिथे अरबी शिकवायला आणि कुराण आणायला बंदी आहे. खाली ‘आपण कधी शहाणे होणार?’. मी टोकियोत राहतो, त्यामुळे काका, मावसभाऊ, शाळेतले मित्र मलाच विचारतात, ‘खरंय ना रे?’ नाही. हे खोटं आहे, आणि इथे राहून त्यावर गप्प बसणं मला जमत नाही.

जपानच्या राज्यघटनेचं 20वं कलम धर्मस्वातंत्र्य देतं. नागरिकत्वाच्या कायद्यात धर्माची अट नाही. अरबी इथल्या विद्यापीठांत शिकवतात. कुराणाचं तोशिहिको इझुत्सु यांनी थेट अरबीतून केलेलं जपानी भाषांतर 1950च्या दशकातलं आहे. कोबेची मशीद 1935 सालची. तिच्यासाठी तिथे व्यापार करणाऱ्या भारतीय मुसलमानांनीही पैसा उभा केला. युद्धातली बाँबफेक आणि 1995चा भूकंप या दोन्हींतून ती वाचली. हज करणारे पहिले जपानी मानले जातात ते ओमर यामाओका. त्यांनी 1909 मध्ये मक्केला जाताना इस्लाम स्वीकारला तो आपल्या मुंबईत.

जपानमधल्या मुसलमानांची संख्या लहान आहे, हे खरं. वासेदा विद्यापीठाचे हिरोफुमी तानादा यांच्या अंदाजानुसार 2020च्या सुमारास सव्वादोन लाखांच्या आसपास, आणि त्यातले जपानी पन्नास हजारांच्या आत. बाकीचे बरेचसे इंडोनेशिया, पाकिस्तान, बांगलादेशातून आलेले. शिन-ओकुबो स्टेशनजवळच्या ‘इस्लाम गल्ली’त त्यांची दुकानं आहेत. तूरडाळ, पोहे, कढीपत्ता, हिंग घ्यायला आम्ही मराठी माणसं तिथेच जातो. चतुर्थीच्या मोदकांची पिठी हलाल मटणाच्या फ्रीझरशेजारच्या फळीवरून येते, आणि यात कुणालाच काही वावगं वाटत नाही.

घर नाकारतात, हे मात्र खरं. एजंट तुमच्यासमोर मालकाला फोन लावतो, ‘परदेशी आहेत’ असं हळूच सांगतो, आणि फोन ठेवून मान हलवतो. माझ्याबाबतीत हे घडलंय. तेव्हा मी हिंदू की मुसलमान हे कुणी विचारलं नाही. फॉरवर्ड पाठवणाऱ्यांनी एवढं तरी ध्यानात घ्यावं, की इथल्या त्या बंद दाराच्या बाहेर त्यांचा स्वतःचा भाचा उभा असतो.

म्हणून जपानला मी डोक्यावर घेत नाही. टोकियो पोलिसांनी मशिदींवर आणि सामान्य मुसलमान कुटुंबांवर पाळत ठेवल्याची कागदपत्रं 2010 मध्ये फुटली. न्यायालयाने माहिती फुटल्याबद्दल भरपाई दिली, पाळत मात्र चुकीची ठरवली नाही. हे मला तेव्हाही अन्याय्य वाटलं, आजही वाटतं.

पण सध्या खरा पेच आहे तो मरणानंतरचा. जपानमध्ये 99 टक्क्यांहून अधिक मृतदेहांचं दहन होतं. दफनाला राष्ट्रीय कायद्याची बंदी नाही, पण जागेची परवानगी स्थानिक प्रशासनाच्या हातात. क्युशू बेटावरच्या ओइता प्रांतात, बेप्पूच्या मुसलमानांनी शेजारच्या हिजी गावात दफनभूमीसाठी कित्येक वर्षं खटपट केली. पाणी दूषित होईल म्हणून गावकऱ्यांनी विरोध केला, मग दुसऱ्या जागेवर तडजोड झाली, आणि 2024 मध्ये विरोधाच्या मुद्द्यावर निवडून आलेल्या महापौरांनी जमीन विकायला नकार दिला. मियागीच्या राज्यपालांनी आपल्या प्रांतात अशी जागा करायचा विचार मांडला होता. 2025 मध्ये त्यांनीही तो मागे घेतला.

हिजीची बातमी वाचली तेव्हा मला माझे आजोबा आठवले. माझं आजोळ लातूरकडचं, लिंगायत. आजोबांना शेतातच माती दिली. बसवून, कपाळी विभूती, हातात इष्टलिंग. त्यांना जाळणं आजीला सहनच झालं नसतं. त्याच घरातला माझा मामेभाऊ आज ओसाकाला नोकरी करतो. उद्या त्याच्यावर अशी वेळ आली, तर तोही बेप्पूच्या त्या मुसलमानांच्याच रांगेत असेल. आणि स्मशानावरून माणसं अडवणं महाराष्ट्रातल्या दलित वस्त्यांना काही परकं नाही.

हिजीच्या लोकांची पाण्याची काळजी मी खोटी म्हणणार नाही. शेती करणारं गाव आहे, विचारणारच. पण त्याच हिजीत ख्रिस्ती मठवासींची दफनभूमी आहे. तिथल्या पाण्याची तपासणी करावी, निकाल गावासमोर ठेवावेत आणि योग्य जागा प्रांत सरकारने स्वतः नेमून द्यावी. कारखान्यांत, शेतांवर, वृद्धांच्या शुश्रूषेला जपान ज्यांना बोलावून आणतो, त्यांच्या मातीचा निर्णय एका छोट्या गावाच्या निवडणुकीवर सोडणं ओइताला शोभत नाही.