निवडुंगाची एकादशी

2024 च्या जूनमध्ये तलाव तळाला गेले, पालिकेने 10 टक्के पाणीकपात लावली आणि आमच्या ग्रिलमधल्या गुलाबाने मान टाकली. हवामानबदल मुलुंडात तिसऱ्या मजल्यापर्यंत चढून आला होता. तेव्हाच ठरवलं, पाणी न मागणारी बाग करायची.

कोरफड, शेर, जेड, दोन निवडुंग आणले. मातीत निम्मी जाड वाळू आणि विटांचा चुरा घातला. ही मंडळी मोठी धोरणी. रंध्रं रात्री उघडतात, दिवसा उन्हात मिटून बसतात, म्हणजे पाणी उडून जात नाही. नियम एकच: माती पार कोरडी झाल्याशिवाय पाणी घालायचं नाही.

तो नियम आमच्या घरात मंजूर झाला नाही.

आई रोज पूजेनंतर तुळशीला पाणी घालते. तुळशीला घालायचं आणि शेजारच्या कुंडीला नाही, हे तिला पंगतीत एकालाच न वाढल्यासारखं वाटतं. शिवाय तांदळाचं धुवण कोरफडीला.

"आई, तिला पाणी सोसत नाही."

"तिने सांगितलं तुला?"

शेवटी मी धर्माचा आधार घेतला. म्हटलं, निवडुंगाची निर्जळी एकादशी आहे. आईने हात जोडले, दिवसभर कुंडीकडे फिरकलीसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पारणं म्हणून तिने त्याला अख्खा तांब्या पाजला. तो तांब्या मातीतून सुळकन उतरला (वाळूचं प्रमाण अचूक होतं) आणि खालच्या काकूंच्या वाळत घातलेल्या कुरडयांवर पोचला. मग काकू वर पोचल्या.

एवढ्यातूनही बाग तगली. मे महिन्याच्या काहिलीत ती कशी डौलात उभी राहते ते बायकोला दाखवायचं होतं. पण एरवी 11 जूनच्या सुमारास येणारा मान्सून 2025 साली 26 मे रोजीच मुंबईत हजर! "2005 च्या 26 जुलैला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झेललेलं शहर हे," बायको म्हणाली, "आणि तू दुष्काळाची तयारी करतोयस."

मुळं कुजू नयेत म्हणून सगळ्या कुंड्या हॉलमध्ये आल्या. पंखा त्यांच्यासाठी चारवर, आम्ही स्वयंपाकघरात. मेव्हणा आला तो न बघता सोफ्यावर टेकला आणि टेकला तसाच उठला. आईने धावत पाण्याचं भांडं आणलं. त्याने दोन घोट घेतले. उरलेलं आईने कोरफडीत ओतलं, कारण उष्टं पाणी तुळशीला चालत नाही.