सव्हाना, सेंट पॅट्रिक आणि आमची गाडी

फेब्रुवारी लागला की अटलांटातल्या आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणीतरी हमखास टाकतं, "सेंट पॅट्रिकला सव्हानाला जायचं का?" सव्हाना म्हणजे आमच्याच जॉर्जिया राज्यातलं समुद्राजवळचं जुनं शहर, आणि सेंट पॅट्रिक या आयरिश संताच्या सणाला, सतरा मार्चला, तिथे मोठी मिरवणूक निघते. लगेच चौदा अंगठे येतात. त्यातले दहा जण पुढे खरोखरच अंगठा दाखवतात, ते सोडा. उरलेले चौघं हॉटेलांच्या मागे लागतात. दर तिप्पट, कुठे तीन रात्रींची सक्ती, पैसे परत नाहीत, सगळी रडारड सुरू. माझं मत विचाराल तर हॉटेल नंतर बघा, आधी गाडीचं काय करणार ते ठरवा.

हे शहाणपण फुकट आलेलं नाही. मार्च २०२४ मध्ये आम्ही गेलो होतो. सासूबाई पुण्याहून आलेल्या, मिरवणुकीची पहिली नोंद १८२४ची, म्हणजे बरोबर दोनशे वर्षं. म्हटलं, योग आहे. सतरा तारीख रविवारी आली की मिरवणूक आदल्या दिवशी निघते, त्यामुळे शनिवार धरला. हॉटेल स्वस्त मिळालं म्हणून राहिलो बाहेर, हायवेजवळ पूलरला. नवरा म्हणाला, "पंधरा-वीस मिनिटांचं तर अंतर आहे. निवांत नाश्ता करून निघू."

साडेनऊला गावात शिरलो. पुढचा दीड तास मी सव्हानाचे बॅरिकेड्स बघितले. इकडून रस्ता बंद, तिकडून एकेरी, गुगलबाई दर दोन मिनिटांनी मार्ग बदलतेय, मागच्या सीटवरून आई शांतपणे विचारतायत, "इथे बाथरूम कुठे असेल गं?" शेवटी एका आवारात हिरवी टोपी घातलेल्या माणसाला रोख पैसे देऊन गाडी लावली. किती दिले, ते नवऱ्याने मला आजतागायत सांगितलेलं नाही.

तोवर मिरवणूक अर्धी पुढे गेली होती. पण आईंनी चौकातली ती गर्दी बघितली आणि त्यांचा चेहराच खुलला. ज्याने त्याने पहाटेपासून येऊन तंबू ठोकलेले, घडीच्या खुर्च्या, आइसबॉक्स, तीन-तीन पिढ्या एका सावलीत. "अगं, ही तर लक्ष्मी रोडवरची विसर्जनाची गर्दी! जागा धरायला आधी कोणाला तरी पाठवायला हवं होतं." खरंच होतं. आमच्या गणपतीत जी अक्कल आम्ही वापरतो, ती परदेशात व्हिसाबरोबर जमा करून येतो की काय कोण जाणे. एका आजीबाईंनी आईंना खुर्ची दिली, गळ्यात हिरव्या मण्यांची माळ घातली आणि हिरवे ग्रिट्स पुढे केले. आईंनी एक चमचा खाऊन निकाल दिला, "मक्याच्या कण्या आहेत. फोडणी राहिलीय."

आता जरा शहराबद्दल, कारण माझा मुद्दा त्यातूनच येतो. जेम्स ओगलथॉर्प या इंग्रज जनरलने १७३३ मध्ये हे गाव वसवलं ते चौकांभोवती. थोडी घरं, मध्ये मोकळा चौक, पुन्हा घरं, पुन्हा चौक. एकूण चोवीस झाले, त्यातले बावीस आज आहेत. १८६४ मध्ये, अमेरिकेच्या यादवी युद्धात, उत्तरेच्या जनरल शर्मनच्या सैन्याने अटलांटाची होळी केली आणि महिन्याभराने सव्हाना मात्र न जाळता राष्ट्राध्यक्ष लिंकनला नाताळची भेट म्हणून 'दिलं'. म्हणून तर जुनं काही बघायचं तर आम्ही अटलांटावाले चार तास गाडी हाणतो.

आणि युद्धातून वाचलेलं हे शहर पुढे पार्किंगपायी जायला निघालं होतं! त्या चौकांपैकी एलिस स्क्वेअरमधली जुनी मंडई १९५४ मध्ये पाडली आणि तिथे गाड्या ठेवायची इमारत उभी केली. पुढच्याच वर्षी १८२०चं डेव्हनपोर्ट हाउस पाडायची वेळ आली. कशासाठी? पुन्हा पार्किंगच. तेव्हा गावातल्या सात बायकांनी पदर खोचला, पैसे गोळा करून ते घर विकत घेतलं आणि जतनाची संस्था काढली. एलिस स्क्वेअरची ती इमारत पाडून २०१० मध्ये तिथे पुन्हा मोकळा चौक झाला. गाड्या आता त्याच्या पोटात, जमिनीखाली.

म्हणून सांगते, त्या वीकएंडला गाडी घेऊन चौकाचौकात जागा शोधत फिरणं म्हणजे मंडईत हत्ती घेऊन जाणं. जमलं तर एक रात्र कमी करा, पण जुन्या शहरात चालत जाता येईल असं राहा. दूर राहायचं असेल तर जागा आधी बुक करून सातच्या आत गाडी लावा आणि संध्याकाळपर्यंत तिला विसरा. त्याच दिवशी जवळच्या टायबी बेटाचा समुद्रकिनारा उरकायचा बेत तर अजिबात नको. तिकडे जायला रस्ता एकच. पायात चांगले बूट हवेत. नदीकाठच्या रिव्हर स्ट्रीटला उतरायच्या दगडी पायऱ्या उंच आणि वाकड्यातिकड्या, 'स्वतःच्या जबाबदारीवर उतरा' अशी पाटीच आहे. खालचा रस्ता जहाजांच्या तळात वजनासाठी भरून आणलेल्या दगडगोट्यांचा. आई माझा हात धरून उतरल्या आणि म्हणाल्या, "सिंहगड बरा." (आणि हो, मार्चमध्ये तिथे अगदी बारीक चावरी चिलटं असतात. लांब बाह्यांचे कपडे घाला.)

आम्हाला सव्हाना खरं भेटलं ते रविवारी. सकाळी सात वाजता रस्ते रिकामे, सफाईवाले कालचे मणी झाडूने गोळा करतायत. फोर्साइथ पार्कमधलं १८५८चं कारंजं सणासाठी हिरव्या केलेल्या पाण्यात एकटंच उडत होतं. ओकच्या फांद्यांवरून राखाडी जटा लोंबत होत्या. त्याला स्पॅनिश मॉस म्हणतात, पण ते ना स्पॅनिश, ना शेवाळ. अननसाच्या कुळातली वनस्पती आहे ती.

दुपारी ओवेन्स-थॉमस हाउस बघितलं. पुढून देखणा वाडा. मागच्या अंगणात गुलामांच्या खोल्या, आणि तिथल्या छताला अजून टिकलेला निळा रंग. नीळ, चुना आणि ताक घालून केलेला. भुताखेतांना दूर ठेवतो अशी समजूत. आई बराच वेळ मान वर करून बघत उभ्या होत्या. आदल्या दिवशीच्या ढोलताशांत ती खोली आम्ही बघितली असती, तरी दिसली नसती.

यंदा मी दोन रात्री जुन्या शहरात घेतल्यात. नवऱ्याला दाखवलं. त्याने किंमत बघितली, काही बोलला नाही. मग हळूच म्हणाला, "आणि गाडी कुठे लावायची?"