भंडारदऱ्याची म्हणे शंभरी भरली
पाऊस लागला की एक मेसेज न चुकता फिरू लागतो. धरणाचं आयुष्य शंभर वर्षं, भंडारदरा (1926) आणि भाटघर (1927) यांची मुदत संपली, भिंती गळताहेत, कोणी तपासत नाही, कधीही फुटतील, पुढे पाठवा.

शंभर वर्षांचा तो आकडा भिंतीचा नाहीच, गाळाचा आहे. धरण आखताना इतक्या वर्षांत किती गाळ येईल ते धरून तळाशी मृतसाठा, म्हणजे वापरात न धरलेली जागा, सोडतात. गाळ साचला तर पाणी कमी मावतं. त्याने भिंत कोसळत नाही.

‘जुनं म्हणून फुटणार’ हे आपल्याच इतिहासाशी जुळत नाही. पानशेत 12 जुलै 1961 ला फुटलं, तेव्हा ते पुरतं बांधूनही झालं नव्हतं. त्या लोंढ्याने 1879 चं खडकवासलाही फुटलं, खरं आहे. पण वरचं अख्खं धरण अंगावर आल्यावर वयाला काय दोष द्यायचा? चिपळूण तालुक्यातलं तिवरे 2 जुलै 2019 च्या रात्री फुटलं आणि भेंदवाडी वाहून गेली. त्याला वीस वर्षंही झाली नव्हती. उलट भंडारदऱ्याला 1969 मध्ये तडे गेले, तेव्हा मागून आधारभिंती देऊन ते मजबूत केलं. ते आजही उभं आहे.

गळतीचं म्हणाल तर दगडी भिंतीतून थोडं पाणी झिरपणारच. मोठ्या धरणांत ते मोजतातही. पाहायचं ते हे, की जलाशयाची पातळी तीच असताना गळती वाढली का, आणि येणारं पाणी गढूळ आहे का. मातीच्या धरणाखाली गढूळ पाणी दिसलं, तर भराव आतून वाहून चाललाय; तिथे एक दिवसही थांबू नये. आपण मात्र स्वच्छ पाण्याला घाबरतो आणि गढूळ पाण्याला ‘पावसाचंच असेल’ म्हणतो.

‘कोणी तपासत नाही’ हे अर्धवट खरं. नाशिकला धरण सुरक्षितता संघटना आहे, पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी होते, 2021 च्या धरण सुरक्षा कायद्याने मोठ्या धरणांना ती बंधनकारकच आहे. मला धास्ती वाटते ती लहान मातीच्या तलावांची. जादा पाणी बाहेर काढणाऱ्या सांडव्यात झुडपं, भरावावर झाडं, आणि लक्ष द्यायला माणूस नाही. तिवऱ्याच्या गावकऱ्यांनी गळतीची तक्रार आधीच केली होती. धरण फुटल्यावर तेव्हाच्या जलसंधारण मंत्र्यांनी खेकड्यांकडे बोट दाखवलं.