जागल्यांनो, झोपा!

गेल्या आठवड्यात माझ्या हातून घोर अपराध घडला. ऑफिसच्या सामायिक फोल्डरमध्ये एक साधा तक्ता शोधत होतो, तर तिथे सगळ्यांच्या आजारपणाच्या रजेचे दाखले. कुणाचं गर्भाशयाचं ऑपरेशन, कुणाला नैराश्यावरच्या कोणत्या गोळ्या, सगळं सहीशिक्क्यानिशी. कुणीही उघडावं आणि वाचावं. मी साहेबांना मेल केला. तिसऱ्या दिवशी फोल्डर होता तिथेच होता, बंद झालं होतं ते माझं लॉगिन. वर नोटीस: 'गोपनीय कागदपत्रे पाहिल्याबद्दल खुलासा करावा.'

तेव्हा वाचकहो, माझ्या ठेचेवरून शहाणे व्हा.

काही दिसलं तर आधी डोळे मिटा.

'लपवण्यासारखं काही नसेल तर भ्यायचं कशाला?' हे वाक्य रोज अकरा वेळा म्हणा.

अगदीच राहवलं नाही, तर 'योग्य मार्गाने' जा. फार रमणीय मार्ग आहे. अमेरिकेच्या एनएसए या हेरखात्यातले थॉमस ड्रेक त्याच वाटेने गेले. वरिष्ठांना सांगितलं, महानिरीक्षकांना सांगितलं, संसदेच्या समितीलाही सांगून पाहिलं. कुणी हललं नाही, तेव्हा एका वार्ताहराशी बोलले. २०१० मध्ये त्यांच्यावर दहा आरोप ठेवले गेले, डोक्यावर ३५ वर्षांच्या तुरुंगाची टांगती तलवार. पुढच्याच वर्षी खटला ढासळला आणि हाती लागला एक किरकोळ गुन्हा. तोवर नोकरी गेली होती. आणि मग त्याच एनएसएची गुपितं २०१३ मध्ये पत्रकारांच्या हाती देणाऱ्या एडवर्ड स्नोडेनला विचारायचं, बाबा रे, तू योग्य मार्गाने का नाही गेलास?

त्याचं तरी काय झालं? मार्च २०१३ मध्ये गुप्तचर प्रमुख क्लॅपर यांना सिनेटमध्ये थेट विचारलं गेलं, लाखो अमेरिकनांची माहिती गोळा करता का? 'नाही', म्हणाले. जूनमध्ये स्नोडेनने न्यायालयाचा गुप्त आदेशच बाहेर काढला: एका फोन कंपनीने सगळ्या ग्राहकांच्या कॉलची नोंद रोजच्या रोज द्यावी. खोटं बोलणाऱ्यावर खटला नाही. खरं दाखवणाऱ्यावर मात्र १९१७ चा हेरगिरीचा कायदा, ज्यात 'जनहितासाठी केलं' हा बचावच चालत नाही! बरं, त्या ढिगाऱ्यातून किती अतिरेकी सापडले? सरकारनेच नेमलेल्या मंडळाने जानेवारी २०१४ मध्ये सांगितलं की त्यामुळे तपासाच्या निकालात ठोस फरक पडल्याचं एकही प्रकरण आढळलं नाही. एकही! २०१५ मध्ये अपील न्यायालय म्हणालं, कायद्यात याला परवानगीच नव्हती. तरी पासपोर्ट कुणाचा रद्द झाला होता? स्नोडेनचाच.

जाऊ द्या, थट्टा जमत नाही आता. देशाची गुपितं असतात आणि ती राहायलाच हवीत. हेरांची नावं, सैन्याच्या हालचाली चव्हाट्यावर मांडणाऱ्याची बाजू मी घेणार नाही. (स्नोडेनने दिलेलं सगळंच बाहेर यायला हवं होतं, असंही नाही.) पण स्वतःची लाज झाकायला 'सुरक्षा' नावाची चादर ओढता, त्याचा संताप येतो. आणि तुम्ही, 'कशाला नसत्या भानगडीत पडलास' म्हणणारे? अहो, तुमचाही दाखला आहे त्यात. ऑपरेशन झालेल्या बाईंनी तरी काय लपवलं होतं?

आज सकाळी शेजारच्या टेबलावरून पाहिलं. फोल्डर अजून सताड उघडा आहे. आधी त्याला कुलूप घाला, मग माझा खुलासा मागा.