तीस वर्षे टिकलेल्या जॉइंटविषयी

सप्रेम नमस्कार,

तांब्याची आणि ॲल्युमिनियमची वायर एकमेकींना कधीच जोडू नये, या माझ्या लेखातील विधानावर आपण साताऱ्याहून घेतलेला आक्षेप वाचला. आपल्या घरात असा पीळ मारलेला जॉइंट टेपखाली तीस वर्षे विनातक्रार चालला आहे, आणि खांबावरून मीटरपर्यंत येणारी सर्व्हिस वायर ॲल्युमिनियमचीच असताना ‘कधीच नको’ म्हणणे हास्यास्पद आहे, असे आपले म्हणणे आहे. यातला दुसरा मुद्दा मला पूर्णपणे मान्य आहे. ‘थेट जोडू नये’ असे मी लिहायला हवे होते.

पहिल्या मुद्द्याबाबत मात्र मला विचारायचे आहे, की त्या तीस वर्षांत त्या जॉइंटवर चालत काय होते? एक बल्ब आणि एक पंखा धरला, तर जेमतेम ०.६ अँपिअर. आता आपण त्याच वायरवर २००० वॅटचा गीझर बसवल्याचे लिहिता, म्हणजे सुमारे ८.७ अँपिअर. उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने तोच जॉइंट आता दोनशे पटींहून अधिक उष्णता निर्माण करणार. त्याचा रोध ०.२ ओहम धरला, तर टेपच्या त्या बोटभर गुंडाळीत १५ वॅट साठत राहतात, आणि प्रवाह नेहमीइतकाच असल्यामुळे एमसीबी (प्रवाह जादा झाला की आपोआप बंद होणारा स्विच) पडत नाही.

रोध वाढतो तो ॲल्युमिनियमच्या स्वभावामुळे. हवा लागताच त्यावर वीज न वाहणारा ऑक्साइडचा थर चढतो. तापल्यावर ते तांब्यापेक्षा सुमारे एक तृतीयांश अधिक प्रसरण पावते, आणि मऊ असल्याने दाबाखाली सरकून पीळ सैल करते. ओल मिळाली की दोन धातूंचा जणू सेलच तयार होतो आणि त्यात झिजते ते ॲल्युमिनियम. २०१९ च्या पुरानंतर सांगलीत मावशीच्या घरी मी असा एक जॉइंट उघडला, तेव्हा टेप चिकट काळा झाला होता, तांब्याची तार शाबूत होती, आणि ॲल्युमिनियमच्या जागी पांढरी भुकटी बोटाला लागली.

सर्व्हिस वायरसारख्या जाड वायरसाठी बायमेटल लग, म्हणजे एका बाजूला ॲल्युमिनियम आणि दुसऱ्या बाजूला तांबे असलेले जोडटोक, वापरावा: वायरचे टोक ब्रशने घासून लगेच जॉइंटिंग कंपाउंड (पुन्हा ऑक्साइड चढू न देणारा लेप) लावावे आणि योग्य मापाच्या डायने, म्हणजे दाबयंत्राच्या साच्याने, क्रिम्प करावे, म्हणजे लग वायरवर घट्ट दाबून बसवावा. घरातल्या बारीक वायरींना दोन्ही धातूंसाठी बनवलेला कनेक्टर लागतो. दुकानात सर्रास मिळणारी साधी पितळी पट्टी त्या कामाची नाही. उघड्यावरच्या जोडणीत ॲल्युमिनियम वरच्या बाजूला ठेवावे, कारण तांब्यावरून ओघळलेले पाणी त्याला खाते. जुन्या घरात सगळी वायरिंगच बदलणे उत्तम, पण तो खर्च प्रत्येकाला झेपत नाही, हेही मी जाणतो.

आपण निदान एवढे करावे, की मेन स्विच बंद करून परवानाधारक वायरमनकडून गीझरच्या वाटेवरचा जॉइंट आधी उघडून घ्यावा. पंख्याचा नंतर पाहिला तरी चालेल.