तुमसरच्या वाचकाला उत्तर: काचेतले चर आणि त्यांच्यामधले वरंबे

भाऊ, प्लाझ्मा पडद्याच्या काचेवरचा माझा लेख तुम्ही शेवटपर्यंत वाचलात आणि मनात आलं ते स्पष्ट लिहिलंत, याबद्दल आधी आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: काचेत बारीक चर पाडायचे यात एवढं काय आहे, वावरात सऱ्या पाडतो तसं चाक फिरवलं नाहीतर ॲसिड टाकलं की झालं. प्लाझ्मा टीव्ही तर केव्हाच बंद पडला. आणि विदर्भातल्या खेड्यापाड्यांतून आयटीआयला येणाऱ्या पोरांना हे शिकवून काय उपयोग, आपला त्याच्याशी संबंध काय. खरा जीव पहिल्या मुद्द्यात आहे, म्हणून तिथंच जास्त थांबतो.

सरीचा दाखला तुम्हीच दिलात, तोच पुढे नेतो. वावरात सरी ओढली की निघालेल्या मातीचा वरंबा आपोआप होतो. प्लाझ्माचा पडदा म्हणजे समोरासमोर ठेवलेल्या दोन काचा आणि त्यांच्यामधले बारीक चर. चरांत वायू आणि रंगाची पावडर असते, वीज दिली की चर उजळतात. यातल्या मागच्या काचेवर काम उलटं चालतं. काच सपाटच ठेवायची आणि तिच्यावर वरंबे उभे करायचे. दोन वरंब्यांमध्ये जी जागा उरते तो चर. म्हणजे मेहनत चराची नाही, वरंब्याची आहे.

आता मापं बघा. ८५२ बाय ४८० ठिपक्यांचा ४२ इंची पडदा घ्या. प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा, निळा असे तीन चर, म्हणजे एकूण २५५६. पडद्याची रुंदी सुमारे ९२ सेंमी. भागाकार केला की एका चराच्या वाट्याला, त्याच्या वरंब्यासकट, ०.३६ मिमी येतात. वरंब्याची जाडी साधारण ०.०७ मिमी आणि उंची ०.१५ मिमीच्या आसपास. ॲसिड काचेत जितकं खाली उतरतं, जवळपास तितकंच बाजूलाही खातं. ०.१५ मिमी खोल जाईपर्यंत प्रत्येक वरंबा दोन्ही अंगांनी तेवढाच खाल्ला जाणार, म्हणजे ०.३० मिमी गेले. उरलेल्या ०.०६ मध्ये वरंबाही बसवायचा आणि ॲसिड आत शिरायला फटही ठेवायची? नाही जमत. चाकानं कापलं तर कडांना बारीक चिरा राहतात, आणि पुढे काच भट्टीत भाजताना आणि आतली हवा काढताना त्याच चिरा वाढतात.

तुमची कोरण्याची कल्पना जिथं लागू पडते असाही एक पडदा होता, हे सांगायलाच हवं. अमेरिकेतल्या टेक्ट्रॉनिक्स कंपनीनं प्लाझ्मा आणि एलसीडी यांची जोड घातली होती. त्यात चर उजेड देत नाहीत, एकेक आडवी ओळ चालू-बंद करण्याचं काम करतात. ओळीला एकच चर, त्यामुळे तो बराच रुंद, आणि वरून झाकायला अवघ्या ०.०५ मिमी जाडीची काच. तिथं काच कोरता येते. घराघरांत आलेल्या रंगीत प्लाझ्मात नाही.

मग वरंबे उभारायचे कसे? एक रीत स्क्रीन प्रिंटिंगची: काचेच्या भुकटीची पेस्ट जाळीतून छापायची, वाळवायची, बरोबर त्याच रेषेवर पुन्हा छापायची, उंची मिळेपर्यंत. एक थर जरी सरकला तरी वरंबा वाकडा. दुसरी रीत पुढे जास्त चालली. पेस्टचा जाड थर सगळ्या काचेवर पसरून वाळवायचा, वर प्रकाशाला संवेदनशील फिल्म चिकटवून तिच्यावर रेषा उमटवायच्या आणि उघड्या राहिलेल्या भागावर बारीक भुकटीचा मारा करायचा. वाळलेली पेस्ट ठिसूळ असते, ती उडून जाते आणि फिल्मखालचे वरंबे उभे राहतात. ०.३६ पैकी ०.०७ च ठेवायचे असल्यानं सुमारे ८० टक्के माल धूळ होऊन जातो, आणि त्या काळच्या पेस्टमध्ये बहुधा शिशाचं ऑक्साइड असायचं. या रीतीतली ही बाजू मला आजही खटकते.

मग येते भट्टी, साडेपाचशे अंशांच्या आसपास. खिडकीची साधी काच या तापमानाला आतून सैल पडते आणि थंड झाल्यावर कायमची किंचित आकसते. हजारात अर्धा भाग आकसली तरी ९२ सेंमीत जवळजवळ अर्धा मिमी गेला, म्हणजे एका चरापेक्षा जास्त. मग पुढच्या काचेशी जुळवणी कशी व्हायची? म्हणूनच जपानच्या असाही ग्लासनं पीडी-२०० ही खास काच काढली, जी या उष्णतेतही माप धरून ठेवते. वरंब्याची पेस्टही अशी निवडावी लागते की तापताना काच जितकी फुगते तितकीच ती फुगेल. नाहीतर थंड होताना तडा ठरलेला.

आणि वरंब्यांवर भार किती येतो? आतली हवा काढून घेताना बाहेरच्या हवेचा दाब दोन्ही काचांना एकमेकींवर रेटतो. ४२ इंची पडद्यावर तो पाच टनांच्या घरात जातो, आणि काचांमधलं अंतर हे वरंबेच राखतात. एखादा बुटका राहिला तर शेजारच्या चरात डिस्चार्ज, म्हणजे वायूतून होणारा विजेचा झोत, गळतो आणि रंगात रंग मिसळतो.

आमच्या वर्कशॉपमध्ये एका निकामी टीव्हीचं पॅनल आहे, एका कोपऱ्याला फुटलेलं. भिंगाखाली धरलं की पांढरे वरंबे अगदी सरळ ओळीनं दिसतात. मधल्या चरांतली पावडरही पांढरीच. लाल, हिरवा, निळा ओळखू येत नाही. झेनॉन वायूतून निघणारे अतिनील किरण पडले की मगच ती आपापल्या रंगात पेटते. हे बघताना पोरं गप्प होतात.

पडदा बंद पडला, हे खरंच. १९६४ साली इलिनॉय विद्यापीठात प्लेटो या शिकवणाऱ्या संगणकासाठी तो जन्मला, पॅनासॉनिकनं २०१३ अखेर उत्पादन थांबवलं, सॅमसंग आणि एलजीनं २०१४ मध्ये. एलसीडी स्वस्त झाली, आणि ठिपके वाढवायचे तर चर अरुंद होतात आणि उजेड घटतो, ही अडचण प्लाझ्माला भोवली.

राहिला विदर्भ. तुम्ही तुमसरचे. तुमच्या तालुक्यातल्या चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या खाणींतून मँगनीज निघतं. प्लाझ्माचा हिरवा रंग देणाऱ्या झिंक सिलिकेटमध्ये याच धातूचा किंचित अंश असतो, त्याच्याविना ते हिरवं उजळत नाही. पण त्याहून मोठा संबंध वावरातल्या सौर पंपाशी आहे. सोलर सेलवरच्या त्या बारीक चंदेरी रेषाही जाळीतून पेस्ट छापून आणि भट्टीत भाजूनच होतात, आणि त्या चांदीच्या पेस्टमध्येही काचेची भुकटी असते. आमच्या पोरांपैकी कुणी उद्या सोलरच्या कारखान्यात लागला, तर पेस्ट, जाळी, भट्टी आणि फुगवट्याचा मेळ हे शब्द त्याला परके वाटू नयेत, म्हणून मी शिकवतो आणि शिकवत राहणार.

तुमच्या दुकानात जुनं पॅनल पडून आहे असंही तुम्ही लिहिलंय. ते फोडू नका, वरंबे खरवडू नका आणि भंगारवाल्याला मोकळं देऊ नका, त्या धुळीत शिसं असू शकतं. जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवा आणि ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडे द्या. कोपरा आधीच फुटलेला असेल, तर गुंडाळण्याआधी हात न लावता जवळून एक फोटो काढून पाठवा. चर उभे सलग आहेत की चौकटींचे, ते बघून पॅनल कोणत्या पद्धतीचं आहे याचा अंदाज सांगतो.