गटारीला बसणाऱ्यांसाठी चार हिताच्या गोष्टी

पार्टीला एक न पिणारा मित्र हवाच. बिलाचे भाग पाडताना त्याच्या लिंबू सरबताला आणि तुमच्या खंब्याला एकच भाव लावा. चकण्यातले शेंगदाणे त्यानेही खाल्लेच की!

महाराष्ट्रात 1949च्या कायद्यानुसार प्यायला अजूनही परवाना लागतो. काढू नका.

तिसऱ्या पेगला संस्कृती काढा. "अरे, आपले देवसुद्धा सोमरस प्यायचे!" सोम म्हणजे वनस्पती ठेचून, लोकरीतून गाळलेला रस, सुरा वेगळी, शतपथ ब्राह्मणात सोमाला सत्य आणि सुरेला असत्य, पाप, अंधार म्हटलंय, असं कोणी बोललाच तर "तू सरबत पी रे" म्हणून त्याला बसवा. मग बलराम. त्याला मद्य आवडायचं, खरंच आहे. फक्त मौसलपर्वापर्यंत जाऊ नका. मद्य गाळणाऱ्याला सुळावर देऊ, अशी दवंडी द्वारकेत पिटलेली. तरी प्रभासला यादव ढोसून बसले, सात्यकी आणि कृतवर्म्याची जुनी उणीदुणी निघाली आणि तिथेच जवळजवळ अख्खं कुळ आपापसांत कापलं गेलं. उगाच मूड जातो. 'एकच प्याला'चं नाव जरूर घ्या, पण तळीरामाच्या आर्य मदिरा मंडळापुरतं. सिंधू वगळा.

श्रावण पाळा. अकरा महिने पिऊन एक महिना थांबलं की त्याला संयम म्हणतात.

आता घरी जाणं. आधी "मला चढलेली नाही" म्हणत किल्लीसाठी झटापट करा. शंभर मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम ही कायद्याची मर्यादा तुमच्यासारख्या दर्दी माणसांसाठी नसतेच. हरलात तर मित्राच्या गाडीत मागे आडवे व्हा आणि ओका. काच खाली करायची तसदी घेऊ नका. परवा माझ्या गाडीत हेच झालं. सीट तीनदा धुतली, डेटॉल ओतलं, वास जात नाही! वर लिफ्ट बंद. पंच्याऐंशी किलोंचा देह चार मजले ओढत नेला, तर प्रत्येक जिन्यावर थांबून मिठी मारतोय, "तूच माझा खरा भाऊ." रात्रीचे दोन. बेल दाबायच्या आत दार उघडलं. वहिनींच्या हातात टॉवेल होता, बादली भरून ठेवलेली. मुलगी जागीच होती. कोणी न सांगता ती गेली आणि बाथरूमचं दार धरून उभी राहिली. सात वर्षांची आहे.

आणि वहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, तुम्हाला त्रास झाला, माफ करा."

अरे, त्यांनी का मागायची माफी? लाज कशी वाटत नाही तुला? सोमरस म्हणे! त्या पोरीला पाठ झालंय रे सगळं, बादली कुठे ठेवायची, दार कसं धरायचं.

सकाळी अकराला तुझा मेसेज आला: "मजा आली ना काल? श्रावण संपला की परत बसू."

मी नाही बसणार. आणि सीट धुवायला तू ये. वहिनींना पाठवू नकोस.